डी-वेव्हची ‘लीप’ सेवा आणि जुने सिम्युलेटेड ॲनीलिंग: भौतिकशास्त्राच्या अभ्यासकासाठी एक परीक्षण

कॅनडातील डी-वेव्ह कंपनीने २०१८ साली ‘लीप’ ही क्लाउड सेवा सुरू केली आणि निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या, क्वांटम ॲनीलिंग करणाऱ्या अतिवाहक चिपवर स्वतःचे गणित चालवून पाहण्याची सोय पायथॉन येणाऱ्या अभ्यासकाच्या हाती आली. या सेवेबरोबर ‘ओशन’ नावाचा मुक्तस्रोत संच मिळतो आणि त्यात तेच गणित साध्या संगणकावर सोडवणारा सिम्युलेटेड ॲनीलिंगचा, म्हणजे तापमान हळूहळू उतरवल्यासारखे करत उत्तर शोधण्याच्या जुन्या रीतीचा, सॅम्पलरही (संभाव्य उत्तरे काढून देणारा प्रोग्रॅमही) असतो. प्रोग्रॅममधील सॅम्पलरची ओळ बदलली की तोच प्रश्न एकदा क्वांटम यंत्राकडे आणि एकदा आपल्या टेबलावरील संगणकाकडे पाठवता येतो. विक्रेत्याने आपल्या मालाशेजारी त्याचा प्रतिस्पर्धीही विनामूल्य ठेवावा, ही गोष्ट प्रामाणिकपणाची आहे आणि परीक्षण करणाऱ्याच्या दृष्टीने फार सोयीचीही आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: विस्कळीत चुंबकीय प्रणालींची गतिकी अभ्यासणाऱ्याला ही सेवा मोलाची आहे, परंतु ज्याला केवळ न्यूनतम ऊर्जेची मांडणी शोधायची आहे त्याने पैसे मोजण्यापूर्वी जुनी रीत नीट, तिच्या पूर्ण ताकदीनिशी वापरून पाहावी.

दोन्ही पद्धती एकाच प्रकारचा प्रश्न हाताळतात. वर किंवा खाली अशा दोनच दिशा असलेले अनेक स्पिन (सूक्ष्म चुंबक), त्यांच्या जोड्यांमधील अनुकूल वा प्रतिकूल युग्मने, आणि या सर्वांची मिळून होणारी ऊर्जा कमीत कमी व्हावी अशी मांडणी, हे आयसिंग प्रतिमान होय. युग्मनांची चिन्हे यदृच्छ असली की सर्व स्पिनांचे एकाच वेळी समाधान होत नाही आणि ऊर्जेच्या भूप्रदेशात असंख्य खोलगट दऱ्या तयार होतात. यालाच स्पिन ग्लास म्हणतात. त्रिमितीय जालकावरील स्पिन ग्लासची न्यूनतम अवस्था शोधणे एनपी-हार्ड (मोठ्या आकाराला वाजवी वेळात नेमके सोडवण्याची रीत ज्ञात नसलेले) आहे, असे बाराहोना यांनी १९८२ मध्ये दाखवले. बाह्य क्षेत्र नसलेला सपाट द्विमितीय जालकावरील प्रश्न मात्र बहुपदीय वेळात नेमका सोडवता येतो, आणि हा भेद पुढे फार उपयोगी पडतो, कारण क्वांटम यंत्राच्या सुरुवातीच्या अनेक चाचण्या अशाच जवळजवळ द्विमितीय जालकांवर झाल्या होत्या.

सिम्युलेटेड ॲनीलिंगची कल्पना किर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्की यांनी १९८३ मध्ये मांडली. ऊर्जा वाढवणारा बदलही तापमानानुसार कधीकधी स्वीकारणाऱ्या १९५३ च्या मेट्रोपोलिस रीतीत तापमान हळूहळू उतरवत नेण्याची ती युक्ती आहे. तापमान जास्त असताना प्रणाली ऊर्जेचे अडसर सहज ओलांडते, उतरत्या तापमानाबरोबर ती दऱ्यांमध्ये स्थिरावत जाते. क्वांटम पद्धतीत तापमानाच्या जागी आडवे चुंबकीय क्षेत्र येते. आरंभी हे क्षेत्र इतके प्रबळ असते की प्रत्येक स्पिन वर आणि खाली या दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात राहतो, आणि ते क्षीण करत नेले की मूळ प्रश्नाची ऊर्जा प्रभावी होऊन प्रणाली उत्तराकडे झुकते. उष्णतेने अडसर ओलांडण्याची शक्यता त्याच्या उंचीवर अवलंबून असते. टनेलिंगने, म्हणजे अडसर न चढता त्याच्या आरपार, पलीकडे जाण्याच्या शक्यतेत उंचीबरोबर रुंदीचाही वाटा असतो, म्हणून अडसर उंच पण अरुंद असेल तेथे क्वांटम पद्धतीला बाजी मारता यावी. स्पिन ग्लासच्या संदर्भात हा युक्तिवाद विकास चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कोलकात्याहून मांडला होता. पुढे १९९८ मध्ये कादोवाकी आणि निशिमोरी यांच्या शोधनिबंधातून या पद्धतीला आजचे रूप आले. क्वांटम ॲनीलिंगच्या लोकप्रिय इतिहासात कोलकात्याच्या त्या कामाचा उल्लेख अनेकदा गळतो, आणि भारतीय वाचकाने तरी तो गळू देऊ नये असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष पदार्थातील पहिला ठळक पुरावा १९९९ चा आहे. लिथियम, होल्मियम, यट्रियम आणि फ्लोरीन यांच्या एका विस्कळीत चुंबकीय स्फटिकाला आडव्या क्षेत्राच्या वाटेने नेले असता तो केवळ थंड करण्याच्या वाटेपेक्षा लवकर समतोलाकडे जातो, असे ब्रुक, बिटको, रोझेनबॉम आणि एपली यांनी दाखवले. त्यानंतर २००२ मध्ये सांतोरो आणि सहकाऱ्यांनी ८० गुणिले ८० आकाराच्या द्विमितीय स्पिन ग्लासवर संगणकीय तुलना केली, आणि तीत क्वांटम पद्धतीची उरलेली (न्यूनतमाहून जास्त राहिलेली) ऊर्जा औष्णिक पद्धतीपेक्षा वेगाने घटताना दिसली. या निष्कर्षावर पुढील दशकभर मोठ्या आशा बांधल्या गेल्या.

त्या आशांची तपासणी २०१५ मध्ये हाइम, रोनो, इसाकोव्ह आणि ट्रोयर यांनी केली, आणि या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ती मुळातून समजून घ्यावी अशी आहे. क्वांटम ॲनीलिंगचे साध्या संगणकावर अनुकरण करताना काल्पनिक कालाचे (गणितापुरत्या धरलेल्या एका जादा मितीचे) तुकडे पाडावे लागतात. तुकडे मोजके आणि मोठे ठेवले तर क्वांटम पद्धत सरस दिसते. तुकडे बारीक करत खऱ्या, सलग कालाच्या मर्यादेकडे गेले की द्विमितीय स्पिन ग्लासवरील ती सरशी नाहीशी होते. म्हणजे पूर्वी दिसलेला लाभ भौतिक क्वांटम प्रक्रियेचा नसून गणनेतील खडबडीतपणाचा होता. यातून एक अनपेक्षित फायदाही हाती आला: मोठ्या काल-तुकड्यांचे हे अनुकरण स्वतःच एक चांगली अभिजात (क्वांटम नसलेली) इष्टतमीकरण रीत ठरते. भौतिक यंत्राबद्दलचा दावा आणि अनुकरणाबद्दलचा दावा वेगळे ठेवावे लागतात, ही शिस्त या शोधनिबंधाने घालून दिली.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू. लीपमधून मिळणारी ‘ॲडव्हान्टेज’ पिढीची चिप २०२० मध्ये आली. तिच्यात स्पिनाचे काम करणारे पाच हजारांहून अधिक क्वांटम घटक, म्हणजे क्युबिट, आहेत आणि प्रत्येक क्युबिट साधारणपणे पंधरा इतरांशी जोडलेला आहे. २०२५ च्या मे महिन्यात खुल्या झालेल्या ‘ॲडव्हान्टेज २’ मध्ये क्युबिट ४,४०० हून अधिक आहेत, पण जोडण्या प्रत्येकी वीसपर्यंत वाढल्या आहेत. संख्या घटूनही मी दुसरीला पुढचे पाऊल मानतो, कारण या यंत्रांत खरी टंचाई क्युबिटांची नसून जोडण्यांची असते. प्रत्येक क्युबिट म्हणजे नायोबियमचे अतिवाहक वेटोळे असून त्यातील प्रवाहाची दिशा हाच स्पिन असतो. चिपचे तापमान पंधरा मिलिकेल्विनच्या आसपास ठेवले जाते.

जोडण्यांची टंचाई व्यवहारात कशी जाणवते, हे सविस्तर सांगायला हवे. आपल्या प्रश्नातील एखाद्या स्पिनला शंभर शेजारी असतील आणि चिपवर पंधराच जोडण्या असतील, तर त्या एका स्पिनसाठी अनेक क्युबिटांची साखळी करावी लागते. प्रबळ युग्मनाने बांधलेली ही साखळी एकच स्पिन असल्यासारखी वागावी अशी अपेक्षा असते. प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध असलेला प्रश्न घेतला तर पाच हजार क्युबिटांच्या ॲडव्हान्टेजवर सुमारे १८० स्पिनच मावतात, आणि त्याआधीच्या २,०४८ क्युबिटांच्या ‘२०००क्यू’वर सुमारे ६५ मावत. साखळीचे युग्मन दुबळे ठेवले तर साखळ्या तुटून उत्तर निरर्थक होते. ते फार प्रबळ केले तर चिपच्या मर्यादित पट्ट्यात बसवताना मूळ प्रश्नाची सर्व युग्मने आकसतात आणि तापमानाच्या व नियंत्रणातील त्रुटींच्या गोंगाटात बुडू लागतात. साखळीच्या बळाची योग्य किंमत प्रत्येक प्रश्नागणिक वेगळी असते आणि ती शोधण्यातच पुष्कळ वेळ जातो. सिम्युलेटेड ॲनीलिंगला यातले काहीच लागत नाही. त्याला कोणताही स्पिन कोणत्याही स्पिनशी जोडलेला चालतो, आणि युग्मनांची किंमत संगणकाच्या पूर्ण अचूकतेने घेतली जाते.

ओशन संचातील साधने या कामात चांगली मदत करतात, हे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रश्न चिपवर बसवण्याचे काम आपोआप होते, साखळ्या किती तुटल्या याची नोंद प्रत्येक उत्तराबरोबर येते, आणि बसवलेला नकाशा चित्ररूपाने पाहता येतो. दस्तऐवजही नीट लिहिलेले आहेत. यंत्राच्या नियंत्रणातील त्रुटी, तापमानाचा परिणाम, ॲनीलिंगच्या अखेरच्या टप्प्यात प्रणालीचे गोठून जाणे या विषयांवर त्यांत मोकळेपणाने लिहिले आहे. नवशिक्याने उदाहरणांच्या आधी हे भाग वाचावेत. विशेषतः यदृच्छ निवडलेल्या काही स्पिनांची चिन्हे, त्यांच्या युग्मनांसह, उलटवून तोच प्रश्न पुन्हा चालवण्याची सोय वापरण्याची सवय लावून घ्यावी. गणिती दृष्ट्या प्रश्न तोच राहतो, पण चिपमधील ठरावीक कल सरासरीत बऱ्याच अंशी पुसले जातात.

वेळेच्या हिशेबात मात्र वाचकाने फार सावध राहावे. मूलभूत ॲनीलिंगचा काळ २० मायक्रोसेकंद असतो, आणि हा आकडा ऐकून कोणीही थक्क होईल. परंतु प्रश्न चिपवर चढवायला दहा मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक लागतात, प्रत्येक वाचनाला स्वतंत्र वेळ लागतो, आणि एकाच फेरीत उत्तर मिळेल याची कोणतीच हमी नसते. म्हणून या क्षेत्रात ‘उत्तरापर्यंतचा काळ’ मोजला जातो, म्हणजे ९९ टक्के खात्रीने न्यूनतम अवस्था एकदा तरी मिळावी यासाठी किती फेऱ्या लागतील ते काढून त्याला एका फेरीच्या काळाने गुणले जाते. एका फेरीत यशाची शक्यता हजारात एक असेल तर सुमारे ४,६०० फेऱ्या लागतात. म्हणजे २० मायक्रोसेकंदांचे शुद्ध ॲनीलिंग ९२ मिलिसेकंदांवर जाते, आणि वाचनाचा व चढवण्याचा वेळ त्यात अजून धरलेलाच नाही.

याहून सूक्ष्म सापळा आकारमानाबरोबर वेळ कशी वाढते हे पाहताना लागतो. लहान प्रश्नांसाठी २० मायक्रोसेकंद गरजेपेक्षा जास्त असतात. यंत्राला त्याहून जलद उतरता येत नसेल तर लहान प्रश्नांवरचा वेळ विनाकारण फुगतो आणि मोठ्या प्रश्नांकडे जाणारी रेषा प्रत्यक्षाहून सपाट दिसते. आलेख पाहणाऱ्याला यंत्र उत्तम रीतीने वाढते आहे असे वाटते, प्रत्यक्षात त्याची सुरुवातच मंद असते. रोनो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५०३ क्युबिटांच्या ‘डी-वेव्ह टू’ची तपासणी करताना हा मुद्दा स्पष्ट केला आणि यदृच्छ प्रश्नांच्या त्या संचावर क्वांटम गतिलाभाचा पुरावा मिळाला नाही असे नोंदवले. त्याच वर्षी कात्झग्राबर, हाम्झे आणि आंद्रिस्ट यांनी आणखी एक गोष्ट उघड केली: त्या काळच्या चिपच्या जालकावर शून्याहून अधिक तापमानाला स्पिन ग्लासचे अवस्थांतरच होत नाही, त्यामुळे तेथील यदृच्छ प्रश्न औष्णिक रीतीला फारसे अवघड जातच नाहीत. प्रश्न सोपे असतील तर कोणत्याही नव्या यंत्राला आपली ताकद दाखवायला जागा उरत नाही. हा युक्तिवाद यंत्राच्या बाजूने जाणारा आहे आणि तो मला न्याय्य वाटतो.

मग आला तो दहा कोटींचा आकडा. गूगलच्या गटाने २०१५ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले की, ९४५ चलांच्या विशिष्ट प्रश्नांवर ‘डी-वेव्ह २एक्स’ हे यंत्र एका प्रोसेसर गाभ्यावर चालणाऱ्या सिम्युलेटेड ॲनीलिंगपेक्षा दहा कोटी पटींनी जलद ठरले. हा निष्कर्ष खोटा नाही. त्या प्रश्नांची रचना मात्र मुद्दाम अशी केली होती की आठ-आठ क्युबिटांचे गट एकदम उलटल्याशिवाय उत्तर मिळू नये, म्हणजे तेथे अडसर उंच आणि अरुंद होते. एकेक स्पिन उलटवणारे सिम्युलेटेड ॲनीलिंग तेथे अडकणार हे उघड आहे. क्वांटम माँटे कार्लो अनुकरण (क्वांटम ॲनीलिंगची साध्या संगणकावरील नक्कल) त्याच प्रश्नांवर कितीतरी मंद असूनही आकारमानाबरोबर यंत्रासारखेच वाढत होते, आणि गटांची रचना ओळखून अनेक स्पिन एकत्र हलवणाऱ्या अभिजात रीती त्या चढाओढीत बऱ्याच पुढे होत्या. क्वांटम आणि अभिजात यांची कोणतीही तुलना वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: समोर कोणाला उभे केले होते?

सैद्धांतिक हमींची तुलनाही येथेच करून टाकतो. तापमान कालाच्या लॉगॅरिदमप्रमाणे उतरवले तर सिम्युलेटेड ॲनीलिंग न्यूनतम अवस्थेला पोहोचतेच, असे गेमन बंधूंनी १९८४ मध्ये सिद्ध केले. आडवे क्षेत्र त्याहून जलद, कालाच्या घाताप्रमाणे उतरवले तरी हमी टिकते, असे मोरिता आणि निशिमोरी यांनी दाखवले. ऐकायला हा मोठा फरक आहे, परंतु त्या घातांकात स्पिनांची संख्या दडलेली असते, त्यामुळे मोठ्या प्रणालीसाठी लागणारा काळ दोन्हीकडे आवाक्याबाहेरच राहतो. क्वांटम वाटेवर निर्णायक ठरते ते न्यूनतम आणि त्यावरील अवस्थेमधील ऊर्जेचे सर्वांत अरुंद अंतर. लागणारा काळ त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, आणि वाटेत प्रथम कोटीचे (एकाएकी उडी घेणारे) अवस्थांतर आले तर ते अंतर बहुतेक वेळा घातांकी वेगाने आटते.

भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्पिन ग्लासमध्ये समान न्यूनतम ऊर्जेच्या अवस्था पुष्कळ असतात आणि त्यांची संख्या किंवा एन्ट्रॉपी काढायची असेल तर त्या सर्व सारख्याच प्रमाणात हाती याव्या लागतात. आडव्या क्षेत्राचे क्वांटम ॲनीलिंग काही अवस्थांना झुकते माप देते आणि काहींना जवळजवळ वगळते. मात्सुदा, निशिमोरी आणि कात्झग्राबर यांनी २००९ मध्ये हे लहान प्रणालींवर दाखवले. सावकाश केलेले सिम्युलेटेड ॲनीलिंग या कसोटीवर बरेच निःपक्षपाती असते. अशा कामासाठी लीपची शिफारस मी करणार नाही.

ज्या कामासाठी मी ती मोकळ्या मनाने करतो ते काम वेगळे आहे. यंत्राला प्रश्न सोडवणारा संगणक न मानता, युग्मने हवी तशी ठरवता येणारा चुंबकीय पदार्थ मानले की सगळे चित्र पालटते. २०१८ मध्ये या यंत्रावर त्रिमितीय आडव्या क्षेत्राच्या आयसिंग जालकातील अवस्थांतरे अभ्यासली गेली, आणि त्याच वर्षी १,८०० क्युबिटांवर कोस्टरलिट्झ-थाउलेस प्रकारचे (भोवऱ्यांच्या जोड्या सुटण्याने होणारे) अवस्थांतर पाहिले गेले. २०२२ मध्ये दोन हजार स्पिनांच्या साखळीत काही नॅनोसेकंदांचे ॲनीलिंग करून, बाह्य उष्णतेचा हस्तक्षेप होण्याआधीची सुसंगत क्वांटम गतिकी सिद्धांताशी ताडून पाहिली गेली. २०२३ मध्ये पाच हजार क्युबिटांच्या त्रिमितीय स्पिन ग्लासमध्ये क्रांतिक घातांक (अवस्थांतराजवळ राशी कशा बदलतात ते सांगणारे आकडे) मोजले गेले, आणि तेथे क्वांटम ॲनीलिंगची ऊर्जा काळाबरोबर सिम्युलेटेड ॲनीलिंगपेक्षा तसेच क्वांटम माँटे कार्लो अनुकरणापेक्षा जलद घटताना दिसली. स्पिन ग्लासच्या सिद्धांताने ज्योर्जो पारिझी यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले. त्या सिद्धांताच्या क्वांटम बाजूवर इतक्या मोठ्या, मनासारख्या घडवता येणाऱ्या नमुन्यावर प्रयोग करता यावा, याचा आनंद या विषयातील माणसालाच कळेल.

२०२५ च्या मार्चमध्ये कंपनीच्या व तिच्या सहकाऱ्यांच्या गटाने याच्याही पुढचा दावा केला: विस्कळीत प्रणालींच्या क्वांटम गतिकीचे त्यांनी केलेले काही अनुकरण ‘फ्रंटियर’ महासंगणकाला वाजवी काळात जमणारे नाही. त्याच महिन्यात न्यू यॉर्कच्या फ्लॅटआयर्न संस्थेतील संशोधकांनी टेन्सर जालांच्या (क्वांटम अवस्था संक्षेपाने लिहिण्याच्या रीतीच्या) आधारे, आणि स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ईपीएफएल या तंत्रसंस्थेतील संशोधकांनी कालावलंबी व्हेरिएशनल माँटे कार्लोने (यदृच्छ नमुन्यांवरून अंदाजी क्वांटम अवस्था पुढे नेण्याच्या रीतीने), त्यातील काही जालकांवर तोडीस तोड उत्तरे मिळवल्याचे मांडले. कंपनीच्या गटाचे प्रत्युत्तर असे की ही कामे मूळ प्रयोगातील सर्व जालके, आकार आणि कालावधी व्यापत नाहीत. मला दोन्ही बाजूंचे काम मोलाचे वाटते. क्वांटम यंत्राच्या रेट्यामुळे अभिजात रीती सुधारल्या आणि त्या रीतींमुळे यंत्राचे दावे अधिक काटेकोर झाले.

सेवेतील संकरित (चिप आणि अभिजात संगणक मिळून वापरणाऱ्या) सॉल्व्हरविषयी थोडक्यात: ते लाखो चलांचे प्रश्न स्वीकारतात, जोडण्यांची चिंता वाहावी लागत नाही, आणि उद्योगातील वेळापत्रकांसारख्या कामाला सोयीचे आहेत. पण त्यांतील किती काम चिपने केले आणि किती अभिजात संगणकाने, हे वेगळे काढता येत नसल्याने भौतिकशास्त्रीय तुलनेत त्यांना स्थान देऊ नये.

तुलना स्वतः करून पाहणाऱ्यांसाठी काही सूचना. ओशनमधील सिम्युलेटेड ॲनीलिंगचा सॅम्पलर मूळ ठेवणीत एक हजार स्वीप (सर्व स्पिनांवरून एकेक फेरा) करतो आणि तापमानाचा पट्टा प्रश्नावरून स्वतः ठरवतो. ही ठेवण आरंभासाठी ठीक आहे. तिच्याच आधारे यंत्राला विजयी घोषित करणे अन्यायाचे होईल. स्वीपांची संख्या कमी-जास्त करून उत्तरापर्यंतचा काळ कोठे सर्वांत कमी होतो ते आधी शोधावे, यंत्राच्या बाजूनेही ॲनीलिंगचा काळ आणि साखळीचे बळ तसेच शोधावे, आणि मगच दोन आकडे शेजारी मांडावेत. पॅरलल टेंपरिंग, म्हणजे अनेक तापमानांवरील प्रतिकृती चालवून त्यांची अदलाबदल करण्याची रीत, तिसरा स्पर्धक म्हणून अवश्य ठेवावी. कठीण स्पिन ग्लासवर ती सिम्युलेटेड ॲनीलिंगला सहसा मागे टाकते. साखळ्या टाळण्यासाठी पहिला प्रश्न चिपच्या स्वतःच्या जालकावरच रचावा. नॅनोसेकंदांच्या जलद ॲनीलिंगची सोय वापरायची असेल तर एकेका स्पिनवरील बाह्य क्षेत्रे शून्य ठेवावी लागतात, केवळ युग्मने देता येतात. म्हणून क्षेत्रे असलेला प्रश्न त्या सोयीसाठी निवडू नये. बाह्य क्षेत्र नसलेला, यदृच्छ चिन्हांच्या युग्मनांचा त्रिमितीय स्पिन ग्लास तिला सर्वांत शोभतो, आणि त्याच्याच अभ्यासासाठी मी या सेवेचा वेळ विकत घेण्याचा सल्ला देईन.